नियमात बसवून

मेडिकल कॉलेजात जायला काय लागतं असं मला कुणी विचारलं, तर हुशारी, मेहनत वगैरे मी नंतर सांगेन. आधी तुम्हाला ओळखणारी तीन माणसं लागतात, आणि त्या तिघांनाही स्वतःचा ईमेल उघडता यावा लागतो. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे मला छत्तिशीत कळलं.

मी दोह्यात राहते. मुशैरिबमधल्या एका क्लिनिकात कोडिंगचं काम करते. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं नव्हे. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेल्या आजाराला इन्शुरन्सच्या भाषेतला नंबर द्यायचा, आणि फाइलमध्ये काही राहिलं असेल तर 'अपूर्ण' असा शेरा मारून ती डॉक्टरांकडे परत पाठवायची. दिवसभर मी लोकांचे आजार वाचते. पेशंट एकही दिसत नाही. बारावीला मार्क कमी पडले म्हणून बीएस्सी केलं, मग लग्न, मग नवऱ्याच्या कंत्राटाच्या मागोमाग कतार. आई मी शाळेत असतानाच मधुमेहाने गेली होती आणि डॉक्टर व्हायचं तेव्हापासून डोक्यात होतं. ते तिथून कधी गेलंच नाही. मुलगी मोठ्या वर्गात गेली तसं मी नवऱ्याला सांगून टाकलं, की मला डॉक्टर व्हायचंय. तो प्लॅनिंग इंजिनिअर आहे. त्याने आधी माझं वय मनात मोजलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मग म्हणाला, "बघ मग."

तर मी बघितलं. परदेशातलं एक कॉलेज सापडलं. दुसऱ्या शाखांची पदवी घेतलेल्या, मधे नोकरी केलेल्या लोकांना ते चार वर्षांत डॉक्टर करतं. आमच्यासारख्यांना त्यांच्याकडे एक नाव आहे, त्याचं मराठी 'अपारंपरिक उमेदवार' असंच होईल. अपारंपरिक ऊर्जा मला ठाऊक होती, सूर्य, वारा, शेणाचा गॅस. आता त्यात मी. पण मला नाव आवडलं. म्हटलं, चला, आपल्यासाठी कुणीतरी दार ठेवलंय.

प्रवेश परीक्षेचा अभ्यास मी पहाटे केला, घरातली दोघं उठायच्या आधी. चांगले गुण पडले. पण त्या गुणांनाही मुदत असते, दुधाच्या पिशवीसारखी, आणि माझ्या गुणांची मुदत या वर्षीच्या प्रवेशाबरोबर संपणार होती. म्हणजे या वर्षी जमलं तर जमलं, नाहीतर ती परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. बाकी सगळं तयार होतं. निबंध लिहून झाला होता. त्यात आई गेल्याचं नीट, शब्दमर्यादेत लिहिलं होतं. घोडं अडलं ते शिफारसपत्रांपाशी.

तीन पत्रं हवीत. एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं. एक डॉक्टरचं. आणि एक विज्ञानाच्या अशा शिक्षकाचं, ज्याने तुम्हाला वर्गात प्रत्यक्ष शिकवलंय. पत्र लिहिणाऱ्याने ते स्वतःच, कॉलेजने त्याला पाठवलेल्या लिंकवर चढवायचं. उमेदवाराने ते बघायचं नाही. बघण्याचा हक्क मी राजीखुशीने सोडते आहे असं आधीच कबूल करून द्यायचं. आणि ठळक अक्षरांत: नातेवाइकांची पत्रं चालणार नाहीत.

मी त्यांना ईमेल केली, की बाबांनो, तुम्हीच मला अपारंपरिक म्हणताय, मग मला वर्गात शिकवणारे सर बावीस वर्षांच्या पोरीसारखे पुढच्या दालनात कसे बसलेले असतील? अर्थात भाषा याहून बरी होती. उत्तर आलं, की आम्ही तुमची परिस्थिती समजू शकतो, तुम्ही योग्य तो निर्णय घ्यावा, मात्र नियम सर्वांना लागू राहतील. म्हणजे दार वेगळं ठेवलंय, पण त्याची किल्ली जुन्याच दाराची.

कामाच्या पत्रासाठी मी आमच्या एचआरमध्ये गेले. तिथली फिलिपिनो बाई स्वभावाने फार चांगली आहे. तिने लगेच पत्र काढून दिलं. त्यात माझा हुद्दा होता, पगार होता, आणि खाली वाक्य होतं, की सदर पत्र कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून दिलेलं असून कंपनीवर त्याची कोणतीही जबाबदारी नाही. वर ठसठशीत निळा शिक्का. मी म्हटलं, अगं, हे बँकेला द्यायचं झालं. मला माझ्या कामाबद्दल लिहून हवंय, मी माणूस कशी आहे ते. ती म्हणाली, "मॅडम, तसं टेम्पलेट नाहीये." या देशात शिक्का मारलेल्या कागदावर घर भाड्याने मिळतं, गाडी मिळते, नवऱ्याच्या आईचा व्हिसा मिळतो. पण मी कशी आहे याचा शिक्का कुणाकडे नव्हता. शेवटी माझ्या थेट वरिष्ठाला पकडून, त्याच्या खुर्चीपाशी उभी राहून, मी ते पत्र चढवून घेतलं. म्हणजे चढवताना पाठ फिरवून उभी राहिले. नियम म्हणजे नियम.

डॉक्टरचं पत्र त्याहून अवघड. आमच्या क्लिनिकातले सगळे डॉक्टर मला ओळखतात, पण कशासाठी? त्यांच्या फाइली परत पाठवणारी बाई म्हणून. त्यातल्या एका वयस्कर इजिप्शियन डॉक्टरांकडे सुट्टीच्या दिवशी बसून पेशंट बघायची परवानगी मी मिळवली होती, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला." इथे राहिलेल्याला सांगायला नको, इन्शाल्ला म्हणजे हो, इन्शाल्ला म्हणजे नाही, आणि इन्शाल्ला म्हणजे आता जा, मला चहा पिऊ दे. मी दर आठवड्याला त्यांच्या दाराशी जाऊन आठवण करायची. एकदा ते वैतागून म्हणाले, "तू माझी प्रत्येक फाइल अपूर्ण म्हणून परत पाठवतेस, आणि आता माझ्याच मागे लागलीस?" मी म्हटलं, डॉक्टर, अपूर्ण असते म्हणूनच पाठवते. त्यावर ते खूप हसले, कॉम्प्युटर पुढे ओढला, आणि माझ्यादेखत लिहायला बसले. मी बाहेर जाऊन थांबले. दार उघडून म्हणाले, "खलास. गेलं." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

राहिलं शिक्षकांचं पत्र.

मी ज्या कॉलेजात शिकले ते आमच्या तालुक्याच्या गावी, कृष्णेकाठी. तिथे झूऑलॉजी शिकवणारे सर आता निवृत्त. त्यांचा नंबर आप्पांनी काढून दिला. आप्पा म्हणजे माझे वडील. ते एसटी डेपोत क्लार्क होते, त्यामुळे गावात कोण कुठे राहतं, कुणाचा मुलगा पुण्याला असतो, हे त्यांना तोंडपाठ. मी सरांना फोन केला, नाव सांगितलं, वर्ष सांगितलं.

"अच्छा, अच्छा," सर म्हणाले. "तू ती बेडकाला घाबरणारी!"

मी ती नव्हते. बेडकाला घाबरणारी माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. पण मला पत्राची गरज होती. "हो, म्हणजे तिच्या शेजारची," मी म्हटलं. मग मी सगळं समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि आनंदाने म्हणाले, "काही अडचण नाही. तू मसुदा करून पाठव, मी सही करतो."

"सर, तसं चालत नाही. तुम्हीच लिहायचं."

"अगं, पण तुझ्याबद्दल तुलाच जास्त माहिती असणार ना! आमच्याकडे सगळे असंच करतात. काय काय घालायचं ते तूच लिहून पाठव."

"सर, मला ते बघायचाही हक्क नाही."

"म्हणजे मी तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते तुला कळणारच नाही?"

"नाही."

"आणि मी वाईट लिहिलं तर?"

"तर वाईट, सर."

सर म्हणाले, "हे काही बरं नाही." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. कुणाच्या मागे त्याच्याविषयी लिहायचं, म्हणजे चहाडीच की, असं त्यांना वाटत असावं. त्यात आणखी घोळ म्हणजे परदेशी कॉलेजला सरांचा ईमेल त्यांच्या कॉलेजचा हवा होता, आणि सरांच्या कॉलेजचा ईमेल एकच, तो ऑफिसच्या क्लार्ककडे. त्यावर मी परदेशी कॉलेजशी पुन्हा पत्रव्यवहार करून, निवृत्त शिक्षकांनी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहिलं तर साधा ईमेल चालेल, इथवर त्यांना आणलं. सरांनी जुन्या कॉलेजात जाऊन लेटरहेड मागून आणलं. त्यांनी पत्र लिहिलंही. मला सगळं जमत आलंय असं वाटलं.

याच काळात आप्पांशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. इथे आमच्या घरात भाषेची थोडी कुरबूर आहे. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यामुळे मी मुद्दाम, तिच्या कानावर पडावेत म्हणून, फोनवर शुद्ध मराठी शब्द वापरते. आप्पांना मी सांगितलं, "आप्पा, बाकी सगळं झालंय, पण शिफारसपत्रं मिळेनात."

साधं 'लेटर' म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

"शिफारस लागतीया व्हय?" आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम समजूतदार झाला. "मग आदी का न्हाई सांगितलंस? मी देऊ का लिवून?"

मी हसले. "तुमचं नाही चालत. घरच्यांचं घेत नाहीत."

"बापाचं घेत न्हाईत?"

"नाही घेत."

"आसं," आप्पा म्हणाले, आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला.

आमच्याकडे शिफारस या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. शिफारस म्हणजे वशिला. शिफारस म्हणजे साहेबांची चिठ्ठी. बदली, हॉस्पिटलातली खाट, पोराची ॲडमिशन, सगळ्याला ती लागते. पण इतकी वर्षं बाहेर राहिल्याने माझ्या डोक्यातला शब्द एका जागी आणि आप्पांच्या डोक्यातला दुसऱ्या जागी जाऊन बसला होता, आणि आम्ही दोघं रोज मोठ्या प्रेमाने एकमेकांशी तोच शब्द बोलत होतो.

एका शुक्रवारी सकाळी, मी पोह्यांना फोडणी घालत असताना, आप्पांचा फोन आला. "काम फत्ते," ते म्हणाले.

"कसलं काम?"

"तुजं. सरांना ते लिंकचं काय जमंना. मला पाठवली त्यांनी मोबाईलवर. म्हनले, तुमीच बगा, तुमी घरचंच. मग मी ई-सेवा केंद्रात गेलो आन् टाकलं."

मी गॅस बंद केला. सरांना मी दहा वेळा सांगितलं होतं, की लिंक फक्त तुम्हीच उघडायची. तरी मी स्वतःला सावरलं. म्हटलं, सरांचंच पत्र आहे, चढवायला हात दुसऱ्याचा लागला, इतकंच.

"सरांचं पत्र टाकलंत ना?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "आमदारसायबांचं टाकलं."

आप्पांना वाटलं रेंज गेली, म्हणून ते मोठ्याने सांगू लागले. आदल्या दिवशी ते सकाळपासून आमदारांच्या संपर्क कार्यालयाबाहेर बसले होते. दुपारी नंबर लागला. पीएने पत्र टाइप करून दिलं, साहेबांनी सही केली, शिक्का मारला. मग ते सरांनी त्यांच्याकडे दिलेलं पत्र आणि साहेबांचं पत्र, दोन्ही घेऊन केंद्रात गेले. "पर तितं एकच टाकायची जागा व्हती," आप्पा म्हणाले. "मग म्हनलं, वजनदार कुटलं? सरांचं आपलं सादं. शिक्का बी न्हाई त्याला. म्हनून सायबांचं टाकलं. तुला पाठवलंय बग, फोटो काडून."

जे पत्र मी बघणार नाही असं कबूल करून बसले होते, ते माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडलं होतं, खाली अंगठ्याचं चित्र. मी ते वाचलं. कोण वाचणार नाही?

'सदर महिला ही माझ्या मतदारसंघातील असून मी तिला व्यक्तिशः ओळखतो. ती गरीब, होतकरू व सुस्वभावी आहे. तरी तिला नियमात बसवून प्रवेश देण्याबाबत योग्य ते सहकार्य व्हावे, ही विनंती.'

आमदार मला व्यक्तिशः ओळखत नाहीत. मी त्यांना फक्त फ्लेक्सवर पाहिलंय. 'गरीब' वाचून नवरा जरा दुखावला. पण खरा डंख 'नियमात बसवून' या दोन शब्दांत होता. ज्याने म्हणून सरकारी टेबलासमोर उभं राहून काम करून घेतलंय त्याला हे शब्द कळतात. नियमात बसत नाहीये, हे आम्हालाही माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. आता तुम्ही ते बसवा. माझ्यातर्फे हे त्या कॉलेजात जाऊन पोचलं होतं, ज्याला मी महिनाभर नियम पाळून पाळून वीट आणला होता.

मी आप्पांवर ओरडले. त्यांच्यावर मी याआधी कधी ओरडले नव्हते. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला विचारायचं तरी! सगळ्यावर पाणी फिरवलंत तुम्ही," असं काय काय बोलले. नोकरीत असताना स्वतःची लांबची बदली थांबवायलासुद्धा हा माणूस कधी कुणाच्या दारात जाऊन बसला नव्हता, हे मला मधेच आठवलं. त्याने राग कमी झाला नाही. उलट आता धड रागावताही येईना, याचा आणखी राग आला. मी फोन ठेवून दिला. पोहे तसेच राहिले.

दोन दिवसांत कॉलेजची ईमेल आली. तुमच्या विज्ञान शिक्षकांचं पत्र पोचलं, आभारी आहोत, मात्र ते इंग्रजीत नसल्याने कृपया अधिकृत भाषांतर पाठवावं. मी ते पत्र बघितलेलं नाही असं त्यांच्या लेखी होतं, त्यामुळे भाषांतरही माझ्या हाताला न लागता व्हायला हवं होतं. तरी मी सूक वाकिफच्या जवळच्या एका भाषांतराच्या ऑफिसात चौकशी करून आले. टेबलामागचा माणूस मल्याळी होता. म्हणाला, अरबी आहे, उर्दू आहे, हिंदी, मल्याळम, तागालोग, सगळं आहे. मराठी? मराठी म्हणजे हिंदीच ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग हिंदीचा शिक्का मारून देऊ का?" मी घरी आले.

संध्याकाळी अल थुमामाच्या आमच्या घरी नवरा सोफ्यावर बसून, मोबाईलवरचा फोटो मोठा करून, गंमत म्हणून भाषांतर करू लागला. 'नियमात बसवून'पाशी अडला. म्हणाला, "शब्दशः केलं तर 'तिला नियमांच्या आत बसायला लावून', असं होईल."

मुलीने वहीतून डोकं वर काढलं. "सो आई हॅज टु सिट इनसाइड द रूल्स? लाइक, इन अ बॉक्स?"

नवरा हसून हसून आडवा झाला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मला खरं सांगायला लागेल. ते पत्र सरांचं नाही, ते सरांच्या नावावर पोचलंय, आणि ते माझ्या घरच्या माणसाने चढवलंय.

नवरा हसायचा थांबला. "कशाला? मराठीत आहे. कोण वाचणारे तिथे? भाषांतर कुणाकडून तरी करून घेऊ, जरा सांभाळून. 'आमदार' ऐवजी 'मार्गदर्शक' म्हणू. वर्ष जाईल तुझं. पुन्हा ती परीक्षा द्यायची आहे का तुला?"

नव्हती द्यायची. ती पहाट, तो अलार्म, थंड पडलेला चहा, काही काही नको होतं मला. आणि तरीही मी लॅपटॉप उघडला, कारण अर्धी कागदपत्रं दुसऱ्याच्या नावाची असलेली फाइल मी माझ्या टेबलावरून आजवर कधी पुढे सोडलेली नाही, मग ती कुणाचीही असो. हा काही माझा मोठेपणा नाही. सवय आहे, आणि त्या क्षणी मला त्या सवयीचा भयंकर संताप आला होता. मी सगळं लिहिलं. शिफारस शब्दाचे दोन अर्थसुद्धा लिहिले, दोन ओळींत. सरांचं पत्र तयार आहे, लिंक पुन्हा उघडून द्यावी, अशी विनंती केली. विनंती लिहिताना लक्षात आलं, की मीही तेच मागते आहे. नियमात बसवा.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या काळात मी आप्पांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. सरांचा मात्र आला. "माझं पत्र मग कुठंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आप्पांच्या पिशवीत असेल. सर म्हणाले, "बरं लिहिलं होतं गं मी."

उत्तर आलं तेव्हा मी ऑफिसात होते. तुमच्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक वाटतं. मात्र एका लिंकवर एकदाच पत्र घेता येतं आणि ती मुदत आता संपली आहे. विज्ञान शिक्षकाचं पत्र नसल्याने तुमचा अर्ज अपूर्ण म्हणून बंद करण्यात येत आहे.

अपूर्ण. मी तो शब्द बराच वेळ बघत बसले. समोर इजिप्शियन डॉक्टरांची फाइल उघडी होती, तिच्यातही काहीतरी राहिलं होतं. ते दाराशी आले, माझ्याकडे बघून थांबले, आणि या खेपेला फाइल स्वतःच घेऊन गेले.

त्या शुक्रवारी मी आप्पांना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"झालं का गं?"

"नाही झालं, आप्पा. अर्ज बंद केला त्यांनी."

"सायबांचं पत्र असून?"

"हो."

मग ते हळूच म्हणाले, "खासदारांकडं जाऊ का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. इतका वैताग, इतकं रडू आणि इतकं हसू एकाच वेळी मला कधी आलं नव्हतं. "नको, आप्पा," मी म्हटलं. "कुठेच जाऊ नका. परीक्षा परत देते मी. तेवढंच आहे आता हातात."

"माजं चुकलं का?"

"हो, चुकलं," मी म्हटलं. मला खोटं बोलायचं नव्हतं.

"तुला तितं कोन वळखतंय, आसं वाटलं मला," आप्पा म्हणाले. "म्हनून गेलो. सर तुला वळखत न्हाईत. दुसऱ्याच पोरीचं सांगत व्हते मला, बेडकाचं. मग म्हनलं, निदान मोट्या मान्साची सई तरी आसूंदे."

मागे कुकरची शिट्टी झाली, इथली की तिथली, कळलं नाही.

"घेत आसते तर मीच लिवलं असतं," आप्पा म्हणाले.

"काय लिहिलं असतं?"

मला वाटलं, होतकरू, सुस्वभावी.

"तुज्या आईच्या पायाची जखम," ते म्हणाले. "रोज पट्टी बदलायला लागायची. मला बगवायचं न्हाई. वास सोसायचा न्हाई. मी भाईर पायरीवर जाऊन बसायचो आन् तू करायचीस. शाळेचा युनिफारम घालून. तिला दुकलं की तू थांबायचीस, तिला कायतरी सांगायचीस, ती हसली की परत करायचीस. मला भाईर ऐकू यायचं. एवढंच लिवलं असतं. पर बापाचं घेत न्हाईत म्हनलीस न्हवं तू."

"नाही घेत, आप्पा," मी म्हटलं.